रुपयाचा उतारा

आमच्या गावात चढणाऱ्या गोष्टी तीनच. माडावर भंडारी चढायचा, खाडीत पाणी चढायचं आणि माणसाला ताडी चढायची. तिन्ही गोष्टी आपापल्या वेळेला उतरायच्या, म्हणून त्यांचं कुणी मनावर घेत नसे. वीस सालच्या थंडीत टपालमास्तरांनी त्यात चौथीची भर घातली. बंगल्याच्या फाटकात उभे राहून, छत्री काखेत दाबून ते आत्याला म्हणाले, "बाई, रुपया चढलाय."

आत्या ओटीवर कोलंबी सोलत बसली होती. हात न थांबवता तिने विचारलं, "कोनी पाजली त्याला?"

मी हसून हसून मागच्या मागे आडवी झाले. अकरा वर्षांच्या पोरीला हसायला कारण लागत नाही, आणि इथे तर चांगलं कारण होतं. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांच्या पिशवीत आत्याच्या नावाची तीन पत्रं होती आणि तिन्हींत एकच मजकूर होता: यंदा आम्ही येत नाही.

बंगला आमचा नव्हता. अलिबागच्या दक्षिणेला, अगदी वाळूला टेकून, मुंबईच्या एका गुजराती शेठने तो बांधला होता. खोल्या तीन, पुढे ओटी, मागे विहीर. हवापालटाला येणाऱ्या साहेबलोकांना तो भाड्याने देई. आत्या तिथली राखणदार, स्वयंपाकीण, मोलकरीण आणि स्वतःच्या मते मालकीण. ती माझ्या बापाची थोरली बहीण. पेणच्या खाडीकडे मिठागरवाल्यांच्या घरी दिली होती. नवरा गेला त्या दिवशी सासरच्यांनी तिच्या गळ्यातली रुपयांची माळ उतरवून घेतली आणि पुढच्या महिन्यात तिच्या हातात मीठ ओढायचं फावडं दिलं. चार हंगाम ती खाऱ्या पाण्यात उभी होती. बाप तिला बघायला गेला तेव्हा तिच्या टाचांच्या भेगांत पैसा उभा राहिला असता. तो तिला तशीच गाडीत घालून घेऊन आला आणि शेठच्या हातापाया पडून ही नोकरी मिळवून दिली. तिला सोबत म्हणून मला चार दिवस पाठवलं होतं. ते चार दिवस माझं लग्न होईपर्यंत संपले नाहीत.

आत्याच्या हिशेबी पाहुणे दोन जातींचे. एक 'पगारी'. हे मुंबईच्या हापिसांतले साहेब, नाताळात आणि ईस्टरला मडमा-मुलं घेऊन यायचे. दुसरे 'पौंडी', म्हणजे थेट विलायतेहून स्वतःचे पैसे घेऊन येणारे. पौंड्यांतली आमची लाडकी म्हणजे एक म्हातारी मडम. ती दर थंडीत दोन महिने राही, शंख-शिंपले गोळा करी आणि आत्याचं सुरमईचं कालवण खाताना तिखटाने रडे. रडून झालं की ताट पुढे करी. तिला मराठीचे दोनच शब्द येत, 'आणखी' आणि 'बस', आणि दुसरा तिने कधी वापरलेला मी ऐकला नाही.

तर मास्तरांनी ओटीपाशी येऊन आम्हाला रुपया समजावून सांगितला. ते शाकाहारी, म्हणून कोलंबीला हात न लावता छत्रीच्या टोकाने. "ही मोठी कोलंबी म्हणजे साहेबाचा पौंड. हिच्या बदल्यात पूर्वी पंधरा बारक्या मिळायच्या. त्या म्हणजे रुपये. आता जेमतेम आठ मिळतात."

"म्हंजे मडम गरीब झाली?" आत्याने विचारलं.

"मडम होती तेवढीच आहे. तुमचा रुपया महाग झाला. तिला इथं दोन महिने राहायला आता जवळजवळ दुप्पट पौंड पडतील."

"आनि पगारी सायेब? त्याला तं रुपयेच मिलतात. तो का न्हाय येत?"

"त्याचं उलट आहे. तेवढ्याच रुपयांचे त्याला आता जवळजवळ दुप्पट पौंड मिळतात. मग तो बायकोपोरांना घेऊन स्वतःच्या देशाला जाईल की अलिबागला येईल? मुंबईत विलायतेच्या बोटींची तिकिटं मिळत नाहीत म्हणे."

आत्याने शेवटची कोलंबी सोलली, हात धुतले आणि म्हणाली, "म्हंजे रुपया चढला की सायेब बोटीवर चढतो. मंग आपल्याकडं उतरनार कोन?"

मास्तरांनी छत्री पुन्हा काखेत दाबली. मग म्हणाले, "वर्तमानपत्राला एवढंच सांगायला तीन रकाने लागले."

गावात मात्र आनंदीआनंद होता. आपला रुपया मजबूत झाला म्हटल्यावर कुणाला वाईट वाटेल? वाण्याने गल्ल्यातला एक रुपया काढून दगडावर आपटला आणि आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत येतो असं चारचौघांत सांगितलं. बाप दोन दिवस मिशीला पीळ देत फिरला, त्याच्याजवळ रुपया एकही नव्हता तरी. ताडीच्या मांडवात एकाने रुपया दुप्पट झाला म्हणून दुप्पट ताडी मागितली. भंडाऱ्याने त्याला विचारलं, "माजा माड काय विलायतेत हाय?" आणि नेहमीएवढीच दिली.

बंगल्यात तीन खोल्यांच्या सहा गाद्या उन्हात घालायच्या, झटकायच्या आणि परत आत न्यायच्या एवढंच काम उरलं. मला ते दिवस फार आवडले हे कबूल करते. मी रोज वेगळ्या पलंगावर लोळत असे आणि मडम होऊन आत्याकडे 'आणखी' मागत असे. आत्याही "येस मडम" म्हणून रिकामी वाटी पुढे करी. हसता हसता एकदा तिचे डोळे भरून आले, आणि ते तिखटाने नव्हते. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

शिमगा झाल्यावर शेठ आला. खोल्या बघितल्या, गाद्या काठीने दाबून बघितल्या आणि म्हणाला, "बाई, नाताल सुधी जोईश. पछी अंदर नारियेळ भरी दईश." येत्या नाताळापर्यंत वाट बघणार, पाहुणे आले नाहीत तर बंगल्याचं नारळाचं कोठार. माणूस वाईट नव्हता. जाताना मला खडीसाखर देऊन गेला. पण नारळांना राखण लागत असली तरी कालवण लागत नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं.

बातमीला पाय असतात. महिन्याभरात पेणकडून येणाऱ्या एका गाडीवानाच्या हाती आत्याच्या दिराने फडक्यात बांधून एक रुपया पाठवला. सोबत तोंडी निरोप: "बंगला बंद व्हतोय असं ऐकलं. नाताळाच्या सुमाराला मिठाचा हंगाम लागतो, मानसं कमी हायेत. हे गाडीभाडं. ये."

आत्याने फडकं सोडलं. राणीछाप रुपया होता, जुना. राणीच्या डोक्यावर, कडेला, चांदीचा एक बारीक गोळा चिकटलेला होता. राणीला टेंगूळ आलंय, असं मी म्हटलं. आत्या हसली नाही. तिने त्या टेंगळावरून दोनदा अंगठा फिरवला, रुपया मोहरीच्या डब्यात खुपसला आणि डबा फळीवर अगदी मागे सरकवला. त्या संध्याकाळी ती ओटीवर बसून टाचांना खोबरेल चोळत होती. टाचा कधीच बऱ्या झाल्या होत्या, तरी चोळत होती.

वैशाखात एके दिवशी सकाळी उठून ती म्हणाली, "पोरी, मी इचार केलाय. मानसाला चढली, नजर लागली, ताप चढला, तं आपन उतरवतो. मंग रुपयाला का न्हाय?"

आता वाचणाऱ्याला वाटेल की बाईचं डोकं फिरलं. मुळीच नाही. तिचं डोकं आमच्या गावात सगळ्यांत जाग्यावर होतं. पण रुपया चढला हे तिला खुद्द सरकारी माणसाने येऊन सांगितलं होतं, आणि चढलेल्यावर आमच्याकडे उपाय एकच, उतारा. पानावर दहीभात घ्यायचा, त्यावर मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या आणि लिंबू. ते आजाऱ्यावरून ओवाळायचं आणि भर दुपारी तिठ्यावर नेऊन ठेवायचं. जाता-येता बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि ठेवलेल्या वस्तूला कुणी शिवायचं नाही. शिवेल त्याला ते लागतं.

"पन आजारी कुठाय?" मी विचारलं.

आत्याने मोहरीचा डबा काढला आणि राणीला बाहेर काढलं.

"ते तं तुजं भाडं हाय," मी म्हटलं.

"मंग?" आत्या म्हणाली.

तिने रुपया पाटावर बसवला. खरंच बसवला, खाली तांदूळ घालून. मग सात वेळा त्याच्यावरून पान फिरवत ती पुटपुटायला लागली, "मुंबईची लागली असंल, विलायतेची लागली असंल, बँकवाल्याची, बोटवाल्याची, शेठची, सायेबाची, आल्याची, गेल्याची, न आलेल्याची, ज्याची लागली असंल त्याची निघून जाऊ दे." 'न आलेल्याची' ऐकल्यावर मी परकराचा सोगा तोंडात कोंबला. ओवाळून झाल्यावर रुपया उचलून तिने दहीभातावर ठेवला आणि आम्ही निघालो.

वाळू इतकी तापली होती की आम्ही दोघी अनवाणी नाचतच चाललो होतो. नेमके समोरून टपालमास्तर. "बाई, बरं झालं भेटलात. बातमी आहे." आत्या पुढे. मास्तर मागे वळून आमच्याबरोबर. "बाई, ऐकू येत नाही का? मुली, तुझ्या आत्याला झालंय काय?" मी दोन्ही ओठ चिमटीत धरले. आत्याच्या पाठीवरून मला दिसत होतं, तीही हसण्याने गदगदत होती, मिरच्या पानावरून उडत होत्या. मास्तर बिचारे छत्री उघडून आत्याच्या डोक्यावर धरून चालायला लागले. त्यांना वाटलं, ऊन लागलंय. अशी आमची वरात तिठ्यापर्यंत गेली. आत्याने पान ठेवलं आणि वळली. मागे न बघता परत, पुन्हा नाचत, पुन्हा छत्रीखाली.

विहिरीवर पाय धुतल्यावर तिने पहिला शब्द काढला. "आता बोला, मास्तर."

"अहो, तेच केव्हापासून सांगतोय. रुपया उतरायला लागलाय. दोन-अडीच महिने झाले, थोडा थोडा खाली येतोय."

"व्हय ना?" आत्या अजिबात न गांगरता म्हणाली. "त्याला आदीच कललं असंल, आपन येनार म्हून."

आता माझी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिठ्यावरून गेले. भात कुत्र्याने खाल्ला होता, लिंबू गाडीखाली चिरडलं होतं, आणि राणी मोहरीत पडून माझ्याकडे बघत होती. मी इकडेतिकडे बघितलं आणि तिला उचलली. आत्याला उद्या जावंच लागलं तर भाड्याला असावा म्हणून उचलला, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. खरं सांगायचं तर तो रुपया होता आणि मी अकरा वर्षांची होते. मडमने मागे ठेवलेल्या शंखांच्या पेटीत सगळ्यांत मोठा शंख होता, त्यात मी तो सरकवला.

त्याच रात्री मला ताप चढला. उन्हात नाचल्याचा ताप, पण मला कोण सांगणार? रुपयाचं चढणं माझ्यात आलं अशी माझी खात्री पटली. दोन दिवस मी डोळे मिटून बँकवाल्याची आणि बोटवाल्याची क्षमा मागत पडले. आत्याने माझाही उतारा टाकला, त्यात मात्र रुपया घातला नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी लगेच मास्तरांकडे धावले. "रुपया परत चढला का हो?" मास्तर म्हणाले, "नाही, आणखी उतरला." मी टपालकचेरीच्या दारात फुगडी घातली. एकटीनेच.

मग पावसाळाभर तेच. बोटी बंद, रस्ते चिखलाचे, आणि मास्तर धोतर वर खोचून भाव सांगायला यायचे. पौंडाचे नऊ. पौंडाचे साडेदहा. मला दर वेळी वाटायचं की आज चढणार, माझ्यामुळे चढणार, आणि आत्या मिठात जाणार. आणि दर वेळी तो उतरायचा. भीती आणि आनंद इतके लागोपाठ यायचे की मास्तर दिसताच मी हातातलं टाकून फाटकाकडे धावत सुटे. माझी ती वेंधळी घाई बघून आत्या म्हणायची, "ही पोरगी रुपयाबरोबर येडी झाली."

दिवाळीनंतर बारा झाले. मार्गशीर्षात मडमचं पत्र आलं. मास्तरांनी ते ओटीवर उभं राहून, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचलं. ती येत होती. बरोबर बहिणीला आणत होती. मागून दोन पगारी कुटुंबांचीही पत्रं आली. आता विलायतेची तिकिटं त्यांना परवडत नव्हती, म्हणून त्यांना अलिबागची हवा अचानक आठवली होती.

नाताळाच्या आदल्या दिवशी रेवसला बोट लागली आणि दुपारी आमच्या फाटकात चार बैलगाड्या उभ्या राहिल्या. तीन खोल्यांना माणसं तेरा. एक पलंग ओटीवर आला, मडमची बहीण शंखांच्या पेटीशेजारी झोपणार असं ठरलं, आणि मी ती पेटी छातीशी धरून घरभर पळत सुटले. मडमने आत्याला बघितल्याबरोबर "आणखी" म्हणून हाक मारली. आत्या म्हणाली, "उतरले गो सगले, उतरले." मला कळेना की ती पाहुण्यांबद्दल बोलतेय की रुपयांबद्दल.

दुसऱ्या दिवशी, ऐन जेवणाच्या धांदलीत, दीर आला. दांडगा माणूस, खांद्यावर घोंगडी. ओटीच्या पायरीवर बसून म्हणाला, "वैनी, हंगाम लागला. चल."

आत्या पिठाच्या हातांनी बाहेर आली. "माजं घर भरलंय, भावजी. दिसत न्हाय?"

त्याने आत डोकावलं. तेरा साहेबलोक काटे-चमचे वाजवत होते, एक पोर बाकाखाली रडत होतं. त्याने खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाला, "ठीक. तं मंग भाड्याचा रुपया माघारी दे."

"तो मी उतरून टाकला," आत्या म्हणाली. "वैशाखात. तिठ्यावर. हवा तं जाऊन घे."

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. उताऱ्यातली वस्तू माघारी मागतोय हे त्याला समजलं आणि तो पायरीवरून असा उठला, जणू पायरी तापली होती. परत जाताना तो तिठ्यावरून गेला नाही. वाळूवरून, अर्ध्या कोसाचा वळसा घालून गेला. मी पेटी मांडीवर घेऊन पाच हातांवर बसले होते. शंखातला रुपया मला ऐकू येत होता. मी पेटीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

त्यानंतर आत्या शहाणी झाली. पौंड्यांवर आणि पगाऱ्यांवर विसंबायचं नाही म्हणून तिने मुंबईच्या आपल्या माणसांना बोलवायला सुरुवात केली. वकील आले, कापडवाले आले, खोकला झालेल्या सासवा आल्या. "रुपयात कमावतो, रुपयात जेवतो, तो पाहुना खरा," असं ती म्हणे. शेठने नारळांसाठी मागे वेगळी खोप बांधली.

पुढे सात वर्षांनी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, म्हणजे बंगल्यावरच. टपालमास्तर म्हातारे झाले होते, छत्री तीच होती. फाटकातूनच म्हणाले, "बाई, सरकारने रुपया अठरा पेनीला बांधला. पौंडाचे पंधरा न मिळता सव्वातेराच मिळणार. लोक फार चिडलेत."

"बांधला?" आत्या म्हणाली. "बरं केलं. बांधलेला चढत न्हाय आनि उतरतही न्हाय." पण मास्तर गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "काय गो, परत उतारा टाकायचा काय?"

मला राहवलं नाही. सात महिन्यांचं पोट सावरत मी पेटीकडे गेले, शंख उलटा करून हलवला आणि राणी तिच्या तळहातावर टाकली. सगळं सांगून टाकलं, तापासकट. आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घातली. आत्या आधी हसली. इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली, आणि मग ते टेंगूळ अंगठ्याने चाचपू लागली.

"हा माज्या मालेतला," ती म्हणाली. "बारा होते. कडी तोडून दिरानं माजाच रुपया मना भाडं म्हून धाडला. मी वलखला होता."

"मंग टाकलास कसा?"

"टाकला नसता तं मिठात गेले असते."

दुसऱ्याच दिवशी ती रुपया घेऊन अलिबागच्या सोनाराकडे गेली आणि राणीच्या डोक्यावर पुन्हा कडी बसवून घेतली. काळ्या दोऱ्यात ओवून तिने तो गळ्यात चढवला. विधवा बाई आणि गळ्यात रुपया म्हणून गावात पुष्कळ कुजबुज झाली. ओटीवर बसून मासळी निवडताना तो पुढे लोंबायचा आणि ती तो पिठाच्या, मिठाच्या, कसल्याही हाताने मागे सारायची. तिने तो शेवटपर्यंत उतरवला नाही.